छोट्या लाइनची गिटार: 24 इंची मस्टँग घ्यावी की नाही

"वीस क्विंटल धान त्या लाकडात टाकता का जी तुम्ही?"

बायकोचा हा प्रश्न ऐकला तेव्हा मी आधी हिशेब तपासला. नागपूरच्या दुकानात 24 इंची मस्टँगची, म्हणजे फेंडर या अमेरिकन कंपनीच्या घाटाच्या छोट्या इलेक्ट्रिक गिटारीची, 46 हजार किंमत सांगितली होती. 2024-25 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव 2,300 रुपये. भागाकार केला तर बरोबर वीस. ती बचत गटाची सचिव आहे, तिचा आकडा चुकत नाही. मी माझ्या बाजूने मोजून पाहिले. नाटक कंपनीकडून मला एका रात्रीचे 1,200 मिळतात, म्हणजे अडतीसच्या वर रात्री जागायच्या आणि एकाही रात्रीचा चहा प्यायचा नाही. मग ठरवले, नुसते विकत घेऊन पस्तावण्यापेक्षा आधी ही गिटार नीट वाजवून पाहू. ते पंधरा दिवस आणि चार नाटके कशी गेली, ते लिहून ठेवतो. आपल्याकडे अशी गिटार कोणी घेत नाही, त्यामुळे विचारायलाही कोणी सापडत नाही.

मी झाडीपट्टीतला वादक. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, लागली की आमचा हंगाम सुरू होतो आणि होळीला संपतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात गावोगावी रात्रभर नाटके होतात, वडशाला त्यांच्या कंपन्यांची ऑफिसे आहेत. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. 2023 साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या लोकांना झाडीपट्टीचे नाव थोडे ऐकू आले. उरलेले आठ महिने मी धान पाहतो आणि लग्नात बेंजो वाजवतो. बेंजो म्हणजे तुमचा बुलबुल तरंग, टाइपरायटरसारख्या कळांचा. धुमालवाल्यांचा, म्हणजे वरातीत वाजवणाऱ्यांचा, जीव त्यावरच असते.

चार वर्षांपूर्वी आमच्या दिग्दर्शकाला नाटकातल्या डान्समध्ये गिटार पाहिजे झाली. मी एक जुनी, भारी, पूर्ण मापाची इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि शिकत शिकत वाजवू लागलो. अडचण एकच. 2016 मध्ये मळणी मशीनच्या पट्ट्यात माझी डावी करंगळी सापडली. बोट वाचले, पण मधला सांधा वाकत नाही. गिटारीच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. पहिल्या फ्रेटवर तर्जनी ठेवून चौथ्यावर करंगळी न्यायची म्हटले की पंजा असा ताणतो, जशी बैलाची वेसण ओढावी. पहाटे तीनपर्यंत मनगटाला कळ लागते. तिसऱ्या अंकात माझे सूर बेसूर झाले तर लोकांना वाटते वादक झोपला.

म्हणून ही 24 इंचाची भानगड.

माप आधी समजून घ्या, कारण सगळा खेळ मापाचा आहे. तार मानेच्या वरच्या टोकाला ज्या पट्टीवर टेकते ती नट, आणि खाली पोटावर जिथे टेकते तो ब्रिज. गिटारची स्केल म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत वाजणाऱ्या तारेची लांबी. फेंडरच्या नेहमीच्या गिटारीची स्केल साडेपंचवीस इंच, म्हणजे 648 मिलिमीटर. गिब्सन या दुसऱ्या कंपनीची साधारण 628. मस्टँगची 24 इंच, 610 मिलिमीटर. दीड इंचाने काय फरक पडते, असे मलाही वाटले होते. मग पोरीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन बसलो. मोठ्या गिटारीवर पहिला फ्रेट नटपासून 36 मिलिमीटरच्या जरा वर, छोटीवर 34 च्या जरा वर. फक्त दोन मिलिमीटर. पण चौथ्या फ्रेटपर्यंत गेलो तर फरक जवळजवळ आठ मिलिमीटर झाला. तुमच्या करंगळीला सांधा असेल तर आठ मिलिमीटर काहीच नाही. माझ्यासाठी तेवढेच सगळे.

दुसरी गोष्ट ताणाची. तोच सूर पाहिजे असेल तर आखूड तारेला कमी ताणावे लागते, आणि ताण लांबीच्या वर्गाच्या हिशेबाने कमी होतो. 24 ला साडेपंचविसाने भागा, त्याचा वर्ग करा, 0.886 येते. म्हणजे त्याच जाडीच्या तारा या गिटारीवर साधारण 11 टक्के सैल. तार बोटाखाली लवकर वाकते. नाट्यगीतातली मींड काढायची तर याच्यासारखे सुख नाही. पण याच सैलपणाने पहिल्या रात्री माझी फजितीही केली. ते पुढे सांगतो.

या घाटाची गोष्ट मला आवडली म्हणून थोडी सांगतो. फेंडरने 1956 मध्ये म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक नावाच्या दोन गिटारी काढल्या, साडेबावीस इंचाच्या, शिकणाऱ्यांसाठी, स्वस्तातल्या. 1964 मध्ये मस्टँग आली, तीही विद्यार्थ्यांचीच म्हणून, साडेबावीस आणि 24 अशा दोन मापांत. दोन पिकअप, म्हणजे तारेचा आवाज पकडणारी चुंबके, दोन सरकत्या खटक्या, वर कंप देणारा दांडा. पुढे मोठे वादक मोठ्या मापाकडे गेले आणि या छोट्या गिटारी अमेरिकेतल्या गहाणवटीच्या दुकानांत पडून राहिल्या. स्वस्त म्हणून खिसा रिकामा असलेल्या पोरांनी उचलल्या. त्यातला एक निर्वाणा बँडचा कर्ट कोबेन. त्याची 1969 सालची मस्टँग 2022 मध्ये लिलावात 45 लाख डॉलरला गेली. पोराच्या शिकवणीची गिटार! आता तोच जुना घाट नव्याने बनवून कंपन्या विकतात. इंडोनेशियात बनलेली, पिवळसर रंग दिलेली मान, जुन्या पद्धतीचे चमकदार लाकूड, सगळा थाट साठच्या दशकाचा.

नागपूरच्या दुकानातला पोरगा मला पाहून म्हणाला, "सर, ये तो बच्चों का स्केल है, आप फुल साइज देखिए." माझ्या पायात चप्पल, हातात वडशाच्या मिठाईवाल्याची पिशवी. त्याला वाटले असेल, हा पोरासाठी आला. त्याने गिटार अ‍ॅम्पला लावली, पाच मिनिटे ठेवली आणि दुसरे गिऱ्हाईक आल्यावर काढून घेतली. मी नागभीडच्या बाजूचा माणूस. लहानपणी नागपूरला यायचो ते छोट्या लाइनने, अडीच फुटी रुळांवरून, 762 मिलिमीटर. मोठी लाइन टाकण्यासाठी 2019 मध्ये ती बंद झाली. त्या गाडीला कोणी "पोराइची गाडी" म्हटले नव्हते. ती धानाची पोती वाहून न्यायची आणि जंगलातून वळणे घेत जायची, जिथे मोठी गाडी वळलीच नसती. असो, त्या पोऱ्याला हे सांगण्यात अर्थ नव्हता. मी किंमत लिहून घेतली आणि निघालो.

नशिबाने ब्रह्मपुरीच्या एका मुलाकडे याच घाटाची, दोन वर्षे वापरलेली गिटार निघाली. पुण्याला शिकायला गेला होता, तिकडे घेतली, आता नोकरी लागली म्हणून विकायची आहे. 31 हजार म्हणाला. मी म्हटले, मले पंधरा दिवस दे, चार प्रयोग वाजवून सांगतो. तो म्हणाला, "काका, नेजा ना." तेवढ्या भरवशावर ती माझ्या खोलीत आली. किराण्याच्या काट्यावर ठेवली तर 3 किलो 300 ग्रॅम भरली. माझी जुनी 4 किलो 100. आम्ही स्टेजच्या पुढ्यात सतरंजीवर मांडी घालून वाजवतो, सहा-सात तास. आठशे ग्रॅम कमी झाल्याचे मांडीला पहिल्याच रात्री समजले. डावा हातही जवळ राहते, खांदा पुढे काढून बसावे लागत नाही.

पहिला प्रयोग सिंदेवाहीकडच्या एका गावात. तारा त्याच्याच होत्या, 9 नंबरच्या पातळ. घरी बसून वाजवल्या तेव्हा लोण्यासारख्या वाटल्या. पण नाटकात ढोलक, ऑक्टोपॅड आणि माइकमधून येणारा खलनायकाचा आवाज यांच्यावर जायचे म्हणजे हात आपोआप जड पडतो. जड हाताने दाबले की सैल तार वर चढते, आणि सूर चढतो. कीबोर्डवाला माझ्या शेजारी. त्याचा सा जागचा हलत नाही. पहिल्या गाण्यात त्याने माझ्याकडे असे पाहिले, जसे सासरा जावयाकडे पाहते. त्यात रात्री दोननंतर थंडी पडली. पौषातल्या थंडीत लोखंडी तार आकसते आणि सूर आणखी चढतो. दर दोन गाण्यांनी चाव्या पिळत बसलो.

दुसऱ्या दिवशी 11 नंबरच्या तारा चढवल्या. या मापाच्या गिटारीवर 9 च्या तारा लावू नका, मी तर 10 सुद्धा कमीच म्हणेन. जाड तारेने तो 11 टक्के सैलपणा भरून निघतो आणि आवाजाला पोट येते. मान थोडी वाकली म्हणून आतला लोखंडी दांडा अ‍ॅलन कीने पाव फेरा आवळावा लागला. हे काम वडशात करणारा कोणी नाही, ब्रह्मपुरीतही नाही. स्वतः शिका किंवा नागपूर गाठा. गिटार घेताना हा खर्च धरा.

दुसरी रात्र लाखांदूर तालुक्यात, जनरेटरवर. तारेची एकच गुंडाळी असलेल्या, म्हणजे सिंगल कॉइल पिकअपला विजेची घरघर लागतेच, आणि स्टेजवरच्या दिव्यांच्या डिमरने ती वाढते. माझ्या जुन्या गिटारीत तर शांत प्रसंगात नायिका रडत असताना मागे माशी अडकल्यासारखा आवाज येतो. या गिटारीत दोन्ही पिकअप एकदम चालू केल्या की घरघर जवळजवळ बसते. एका पिकअपची तार उलट्या बाजूने गुंडाळून चुंबकही उलटे बसवले की दोघींची घरघर एकमेकींना खाते, आणि सूर तेवढा राहतो. त्या रात्री मी सगळे नाटक त्याच जागेवर वाजवले. एकेक पिकअप चालवली तर घरघर परत. ज्यांना गावोगावी वीज जशी मिळेल तशी वाजवायची आहे त्यांनी हे आधी तपासावे: दोन्ही पिकअप लावा, तारांवर हात ठेवा आणि कान द्या.

तिसऱ्या रात्रीचा किस्सा वेगळा. मस्टँगच्या खटक्या आडव्या सरकणाऱ्या, प्रत्येक पिकअपला एक, आणि दोन्ही खटक्या तारांच्या वरच्या बाजूला. प्रत्येक खटकीच्या तीन जागा: चालू, बंद, आणि पुन्हा चालू पण उलट फेजमध्ये. एक पिकअप सुलट आणि दुसरी उलट ठेवली की दोन्हींचे आवाज एकमेकांना कापतात, पातळ, नाकातला, खरखरीत आवाज निघतो. दिवसा उजेडात हे गमतीचे वाटते. कुरखेड्याच्या अलीकडे, रात्री अडीचला, अंधारात, हाताला बधिरपणा आलेला असताना त्या खटक्यांवर काही लिहिलेले नसते आणि बोटाला काही समजत नाही. मायलेकाच्या भेटीचा प्रसंग. मला भरीव, गोड आवाज पाहिजे होता. सरकवली, आणि निघाला तो उलटा. तबलजीने मान वळवून पाहिले. मी म्हटले, मेलो आता.

प्रयोग संपल्यावर दिग्दर्शक मागे आला. मला वाटले शिव्या खातो. तो म्हणाला, "अबे, तो आवाज कुठून काढला? बेंजोसारखा येऊन राहिला होता. त्या भेटीत हाच ठेव." मग मला उमगले की इतकी वर्षे मी बेंजोच्या ज्या आवाजामागे जीव टाकतो, तो या लाकडात उलट्या फेजच्या नावाने बसला आहे. चुकून सापडला, पण सापडला. तरी सांगतो, खटक्यांची ही रचना अंधारात वाजवणाऱ्यासाठी नाही. नेहमीच्या गिटारीतली एकच खाली-वर होणारी पट्टी शंभर पट बरी. मी मधल्या जागेवर नखपॉलिशचा एक थेंब लावला आहे, बायकोच्या बाटलीतला. तिला अजून माहीत नाही.

चौथी रात्र आरमोरीला, आणि त्या रात्री मी दांडा वापरला. कंप देणारा हा दांडा हलका चालतो, दोन बोटांनी धरला की पुरे. लावणीत पंचमावरून मध्यमावर घसरायचे, पुन्हा वर यायचे, ते असे झाले की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी शिट्या मारल्या. पण प्रत्येक घसरणीनंतर सूर जागेवर येईलच याची हमी नाही. याचा ब्रिज दोन खुंट्यांवर डुलतो, तारांसोबत पुढे-मागे हलावा म्हणूनच तसा बनवलेला. कधी जाऊन परत येतो, कधी निम्म्यातच थांबतो. खुंट्यांभोवती वायरमनची इन्सुलेशन टेप गुंडाळली तर डुलणे कमी होते. नटच्या खाचांत शिसपेन्सिलची पूड भरली तर तार अडकत नाही. दोन्ही उपाय वीस रुपयांत होतात. पण 46 हजारांच्या वस्तूला वीस रुपयांची मलमपट्टी लागावी, हे मला बोचते. ज्याला दांडा लागणारच नाही त्याने याच मापाची, ब्रिज पक्का बसवलेली साधी गिटार घ्यावी. पैसेही वाचतील, पहाटेपर्यंत सूरही राहील.

जुन्या घाटाबद्दल एक चांगली गोष्ट. साठच्या दशकातल्या खऱ्या मस्टँगची मान फार गोलाकार, सव्वासात इंच त्रिज्येची. तशा मानेवर वरच्या फ्रेटवर तार ओढली की पुढच्या फ्रेटला टेकून सूर मरतो. आताच्या नकलेत ती साडेनऊ इंच केली आहे. डोळ्याला जुनी, बोटाला नवी. मींड काढणाऱ्याला हा फरक पहिल्या पाच मिनिटांत समजते.

आता त्या लाकडाबद्दल. मानेवर बोटे ठेवायची काळसर तपकिरी पट्टी आहे, माहितीत लिहिले होते "इंडियन लॉरेल". लॉरेल म्हणजे काय, म्हणून शोधले तर निघाला आपला ऐन! आमच्याकडे त्याला येन म्हणतात. साल मगरीच्या पाठीसारखी फुटलेली असते, जंगलात डोळे मिटूनही ओळखता येते. त्याच्या पानांवर कोसा पोसतात, त्या रेशमासाठी आरमोरी प्रसिद्ध आहे. आमच्या गोठ्याची मयाल, म्हणजे छताची तुळई, ऐनाची आहे, आजोबाच्या वेळची, अजून सरळ. हे झाड गिटारीत आले ते शिसमामुळे. 2017 च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांत शिसमाच्या सगळ्या जाती कागदपत्रांत अडकल्या, तेव्हा कंपन्यांनी दुसरी लाकडे शोधली. 2019 अखेर तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी स्वस्त गिटारींत ऐन राहिलाच. शिसमाहून फिका आणि कोरडा दिसते, म्हणून काही लोक नाक मुरडतात. मी मुरडणार नाही. मयालीवर जे लाकूड तीन पिढ्या टिकले ते माझ्या बोटाखाली काय दगा देईल?

दगा दिलाच आहे थोडा, पण तो लाकडाने की उन्हाने, ते ठरवणे कठीण. ब्रह्मपुरीचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, पारा 46-47 पर्यंत जाते. कोरड्या हवेत मानेचे लाकूड आकसते, फ्रेटची धातूची पट्टी मात्र तेवढीच राहते. मग तिची टोके काठावर बाहेर येतात. या गिटारीने तिथे एक उन्हाळा काढला होता. मानेवरून हात फिरवला की बोराच्या फांदीवरून हात फिरल्यासारखे वाटायचे, दुसऱ्या रात्री अंगठ्याजवळ ओरखडाही पडला. बारीक कानशीने टोके घासून घ्यावी लागतात, एक दुपार जाते. आपल्याकडे कोणतीही नवी गिटार घ्या, पहिला उन्हाळा गेल्यावर हे काम धरूनच चाला. एप्रिल-मेमध्ये ती खोक्यात ठेवा आणि सोबत ओल्या फडक्याची डबी ठेवा, छिद्रे पाडलेली. पावसाळ्यात डबी काढून टाका, नाहीतर बुरशी येते. माझ्या बेंजोच्या खोक्यात आली होती.

तर घ्यावी का? तुमचे हात मोठे असतील, खाली सूर लावून जड वाजवायचे असेल, तर नको. सैल तार आणखी सैल होईल आणि फ्रेटवर आपटेल. पहिल्यांदाच शिकणाऱ्या पोरापोरींना माप हेच द्या, पण दांड्याची आणि जुन्या थाटाची महाग गिटार देऊ नका. त्यांना खटक्यांचा गोंधळ आणि डुलणारा ब्रिज यांतच हंगाम जाईल. माझ्यासारखा ज्याचा हात कुठे अडतो, जो मांडी घालून वाजवतो, ज्याला मींड पाहिजे, त्याला ही गिटार जवळची वाटेल. फक्त नव्या किमतीत ती मला पटत नाही. तीनेक हजारांचा फरक तर नुसता त्या पिवळ्या रंगाचा असावा असे मला वाटते. दिव्यात कोणाला दिसतो तो? आम्ही तर स्टेजच्या खाली बसतो.

पंधराव्या दिवशी मी ब्रह्मपुरीला गेलो. त्या मुलासमोर फ्रेटची टोके दाखवली, टेप दाखवली, 27 म्हटले. तो 31 वरून हलेना. त्याच्या आईने चहा आणला आणि विचारले, "तुम्ही नाटकात वाजवता का जी? कोणत्या कंपनीत?" मी नाव सांगितले. त्या म्हणाल्या, मागच्या वर्षी त्यांनी आमचेच नाटक पाहिले, मायलेकाच्या भेटीला रडल्या होत्या. मुलाने आईकडे पाहिले, मग माझ्याकडे. साडेअठ्ठावीस हजारांवर ठरले, खोके आणि पट्टा धरून. अर्धे आता, अर्धे होळीनंतर कंपनीचा हिशेब झाल्यावर.

घरी आल्यावर बायकोला आकडा सांगितला. ती भांडी घासत होती. थांबली नाही, वर पाहिले नाही.

"बारा क्विंटल एकोणचाळीस किलो," ती म्हणाली. "खोक्यासकट?"

खोक्यासकट, मी म्हटले.